धुराड्याखालची शेळी

सकाळी मायाक्का अंगणात शेळीची धार काढत होती आणि आत तिची सून दिपाली तान्ह्या आरोहीला पाजत होती. सोलापूरच्या हद्दीबाहेरच्या त्या धनगरवस्तीवर रोजच्यासारखाच दिवस उजाडला होता. माळापलीकडे दवाखान्यांचा कचरा जाळणाऱ्या कारखान्याचं धुराडं धूर ओकत होतं. आता कुणी मान वर करून तिकडे बघतही नसे.

तेवढ्यात डॉक्टर हेमावती आल्या. वस्तीतल्या बायकांचं रक्त त्यांनीच तपासायला नेलं होतं.

"मायाक्का, दिपालीच्या रक्तात त्या धुरातलं विष सापडलंय."

पुढचं मायाक्काने ऐकलंच नाही. तरातरा आत जाऊन तिने बाळ हिसकावून घेतलं. "इखारी रगत हाय हिचं! आजपास्नं अंगावर पाजायचं न्हाय. शेळीचं पाजीन मी."

"आत्या, म्या काय केलं वो?" दिपालीला रडू फुटलं.

काय करणार ती बिचारी? मूल झालं नाही, मुलगीच झाली, घरात आजार आला, काहीही होवो, आपल्याकडे बोट सुनेकडेच वळतं. संताप येतो, पण हेच चाललं आहे.

"शेळी चरते कुठं?" हेमावतींनी विचारलं.

"त्या माळावरच की."

"धुरातलं विष त्या गवतावरच बसतं. शेळीच्या दुधातून ते पोटात जातं. तुम्ही वर्षानुवर्षं तेच पिताय, तुमच्या रक्तात तर सुनेपेक्षा जास्त निघालंय. शेळीचं बंद करा. आईचं मात्र थांबवू नका, विष असलं तरी बाळाला त्याचा फायदाच जास्त आहे."

मायाक्काने सुनेकडे पाहिलं. "बाळंतपणात म्याच हिला तांब्या तांब्या पाजलं. अंगात ताकद यावी म्हून."

दिपालीचा नवरा बिरुदेव दारात उभा होता. तो त्याच कारखान्यात कचऱ्याच्या गाड्या रिकाम्या करतो. "बाई, आमी जावं कुटं? घर हितंच, काम बी हितंच."

"सरकारी कचेरीत तक्रार केलीय. तिथले साहेब म्हणतात, धूर नियमात आहे." हेमावती म्हणाल्या.

मायाक्काने बाळ गुपचूप सुनेच्या मांडीवर ठेवलं. मग दुधाचं भांडं उचलून ती अंगणाच्या कडेला गेली. जन्मात तिने दुधाचा थेंब वाया घालवला नव्हता. भांडं कलतं केलं, पण समोर कोंबड्या टिपत होत्या, पलीकडे विहिरीचं पाणी होतं. तिचा हात थांबला.

"वतू तरी कुटं, बाई?"

हेमावतींनी धुराड्याकडे पाहिलं. आपल्या जखमेवरचा कापूस, आपल्या सलाईनची नळी त्याच धुराड्यात जळते. भांडं हातात धरून मायाक्का अजून उभी आहे, आणि तिने विचारलं आहे ते आपल्यालाच.