जावयाचा डावा डोळा

"मान धरा, पाय नकोत. पाय धरले की त्याला वाटतं, आपल्याला कापायलाच आणलंय."

"धरलीय गं मान. चावला मला तर?"

"जावई कधी सासऱ्याला चावतो का?"

थेंबबाईंनी अंगठ्यानं कुत्र्याची वरची पापणी अलगद उचलली आणि सलाइनची धार डाव्या डोळ्यात सोडली. कुत्रं कळवळलं, पण हललं नाही. त्यांचे यजमान गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी त्याची मान कवटाळून होते. कुलपं दुरुस्त करणारी ती बोटं, काळीकुळकुळीत, किल्लीसारखीच वाकडी.

कुत्र्याचं नाव जावई. त्यांची एकुलती एक लेक लग्नाचं नाव काढत नव्हती आणि एक दिवस कडेवर हे पिल्लू घेऊन आली. कुलूपवाले म्हणाले, "चला, जावई तर आला. खाईल, लोळेल आणि वर आपल्यावरच गुरगुरेल. कमी काय आहे?" पुढं लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. भाड्याच्या खोलीत कुत्रं चालत नव्हतं, म्हणून जावई सासरीच राहिला. लेकीचा रोज फोन यायचा. आईबापाची चौकशी दोन मिनिटं, जावयाची दहा.

त्या मंगळवारी सकाळी जावई मागच्या कुंपणाच्या काटेरी झुडपात मांजराच्या मागं घुसला आणि एक डोळा मिटून बाहेर आला. पाणी वाहत होतं, डोळा लालबुंद झाला होता. पंजानं सारखा तोंड घासत होता. थेंबबाईंनी डोळा धुतला, काटाबिटा दिसत नाही ना ते पाहिलं, पंजा डोळ्याला लागू नये म्हणून त्याला जवळ घेऊन बसल्या. इथवर त्यांचं काहीही चुकलं नव्हतं. इथंच थांबून त्यांनी कुत्र्याला दवाखान्यात नेलं असतं तर ही गोष्ट लिहायची वेळच आली नसती.

"नेऊ या का दाखवायला?" कुलूपवाल्यांनी विचारलं.

"कुणाला? त्या गुरांच्या डॉक्टरणीला? काल कॉलेजातून बाहेर पडलीय ती. तिचे दुधाचे दात पडायच्या आधीपासून मी डोळे बघतेय."

"माणसांचे."

"डोळा तो डोळा."

बाईंचं खरंच होतं. डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात एकतीस वर्षं त्या थेंब घालत होत्या. बाहेरच्या लांबलचक बाकावर माणसं ओळीनं बसायची आणि बाई एका टोकापासून सुरू व्हायच्या. त्यांचा थेंब कधी गालावर पडला नाही. रडणारी पोरं, थरथरणारे म्हातारे, पापण्या घट्ट आवळून बसलेले पैलवान, सगळे त्यांच्या हाताखाली गप व्हायचे. डॉक्टर बदलले, यंत्रं बदलली, इमारतीला दोनदा रंग लागला. थेंब बाईच घालत राहिल्या. गल्लीत त्यांचं खरं नाव कुणाला माहीत नव्हतं.

पण या एकतीस वर्षांत त्यांना कुणी एक अक्षर शिकवलं नाही, हेही तितकंच खरं. काम टोपणाच्या रंगावर चालायचं. लाल टोपण ऑपरेशनच्या आधी. पांढरं सकाळ-संध्याकाळ. गुलाबी ऑपरेशननंतर, दिवसातून चार वेळा. एकदाच, नोकरीच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी, त्यांनी मोठ्या डॉक्टरांना विचारलं होतं, "साहेब, या गुलाबीत असतं काय?" साहेब म्हणाले, "का हो? परीक्षेला बसायचंय का?" भोवतालचे सगळे हसले. बाईसुद्धा हसल्या. न हसून सांगतात कुणाला! त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही. विचारायची गरजही वाटेना, कारण हात सगळं सांगत होता. गुलाबी घातलं की रक्तासारखे लाल डोळे दोन दिवसांत शंखासारखे पांढरे होतात, हे त्यांनी हजारो वेळा पाहिलं होतं.

ते डोळे आधी आत तपासून, निवडून, मगच त्यांच्या बाकावर पाठवलेले असायचे. जे डोळे त्यांच्यापर्यंत येत नसत, ते त्यांना दिसणार कसे?

कुलूपवाल्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची अर्धी बाटली फ्रिजच्या दारात पडून होती. गुलाबी टोपणाची. बाईंनी ती काढली, तळहातात धरून ऊब दिली आणि जावयाच्या डोळ्यात एक थेंब सोडला. थेंब बरोब्बर मध्यावर पडला.

"एवढं औषध एखाद्या माणसाला मिळत नाही," कुलूपवाले कुत्र्याला म्हणाले. "सासूबाई खास तुझ्यासाठी पुन्हा कामावर रुजू झाल्यात."

बुधवारी लाली गेली.

"बघा," बाई म्हणाल्या. "उगाच डॉक्टर डॉक्टर करत होतात."

"मानलं बुवा. पण तो डोळा उघडत का नाही?"

"सवय झालीय मिटायची. लाड दुसरं काय!"

जावई खाटेखाली भिंतीकडे तोंड करून पडला होता. ताट ठेवलं तेव्हा उठला, हुंगलं आणि पुन्हा जाऊन पडला. बाईंनी ते पाहिलं. पाहूनही पाहिलं नाही. लाली म्हणजे घरातली आरडाओरड असते. आरडाओरड करणाऱ्याच्या तोंडावर उशी दाबली तरीही घर शांत होतं. बाईंनी त्या दिवशी चार वेळा उशी दाबली, अगदी अलगद, एक थेंबही न सांडता.

गुरुवारी लेकीचा फोन आला, तोंड दाखवायचा फोन.

"आई, जावई कुठाय? रविवारी येतेय मी. सांग त्याला."

"इथंच आहे. हा काय." बाईंनी फोन कुत्र्याच्या उजव्या बाजूला धरला.

"इकडं बघ रे लबाडा. आई, त्याला समोर फिरव ना."

"झोपलाय गं तो. उठवू नकोस."

"डोळा तर उघडा आहे त्याचा."

"अर्धवट झोपेत आहे," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. कुलूपवाले कानशीत अडकलेला लोखंडाचा चुरा ब्रशनं काढत होते. ते मान वर न करता म्हणाले, "का लपवलंस?"

"लपवलं नाही. उगाच जिवाला घोर नको तिच्या."

"घोर तर तुला लागलाय."

"तुम्ही तुमची कुलपं बघा."

शुक्रवारी सकाळी थेंब घालायला पापणी उचलली तर बुबुळावर धुकं होतं. निळसर, राखाडी. चिपडं असेल म्हणून बाईंनी कापूस ओला करून हलकेच पुसलं. गेलं नाही. पुन्हा पुसलं. कापूस स्वच्छ निघाला. ते डोळ्यावर आलेलं काही नव्हतं. तो डोळाच होता. मधोमध काहीतरी फुगून आलं होतं, शिजवलेल्या साबुदाण्यासारखं लिबलिबीत.

एकतीस वर्षांत त्यांच्या बाकावर असा डोळा आला नव्हता.

"अहो," त्या म्हणाल्या. "रिक्षा बोलवा."

गुरांच्या डॉक्टरणीचा दवाखाना म्हणजे एक खोली आणि बाहेर चार प्लास्टिकच्या खुर्च्या. पोरगी खरंच लहान होती, केस रबरानं बांधलेले, बाहीवर कुठल्याशा जनावराचे केस. मंगळवारी कुत्रं काटेरी झुडपात घुसलं होतं, एवढं कुलूपवाल्यांनी सांगितलं. तिनं डोळा पाहिला. ड्रॉवरमधून कागदाची एक बारीक पट्टी काढली, टोकाला नारिंगी रंग असलेली, ती ओली करून डोळ्याला टेकवली, खोलीतला दिवा मालवला आणि निळा उजेड पाडला.

अख्खं बुबुळ हिरवं पेटलं.

बाईंना ती पट्टी ओळखीची होती. दवाखान्यात आतल्या खोलीच्या दारातून तो हिरवा उजेड त्यांनी कितीदा पाहिला होता. हिरवा दिसला की तो माणूस त्यांच्या बाकावर येत नसे. त्याला दुसऱ्या दारानं नेत. का नेत, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"जखम आहे," डॉक्टरीण म्हणाली. "काट्याची असेल. पण काटा चार दिवसांत असा डोळा वितळवत नाही. कुणी काय घातलंय यात?"

कुलूपवाले पुढं सरसावले. आयुष्यात कधी न बोललेलं खोटं त्यांच्या तोंडून घडाघडा निघालं. "मेडिकलवाल्यानं दिलं हो काहीतरी. मीच आणलं. हिला काही माहीत नाही."

"बाटली आहे?"

"टाकून दिली."

डॉक्टरणीनं पेन उचललं. कुत्रं टेबलावर मान टाकून उभं होतं. बाईंनी गप्प राहायचं, एवढंच काम होतं. नवऱ्यानं गुन्हा डोक्यावर घेतला होता, मेडिकलवाला कुणीही असू शकत होता, गल्लीत त्यांचा मान जिथल्या तिथं राहिला असता.

त्यांनी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली.

"ते खोटं बोलतायत. मी घातलं. दिवसातून चार वेळा, मंगळवारपासून. असंच लिहा. आणि हेही लिहा, की एकतीस वर्षं डोळ्यांत थेंब घालणाऱ्या बाईनं घातलं."

डॉक्टरीण बाटलीवरचं बारीक अक्षर वाचू लागली. तिचे कान लाल झाले. "काकू, अहो, तुम्ही इतकी वर्षं डोळ्यांचं काम केलंत आणि तुम्हाला हे..."

"नाही माहीत," बाई म्हणाल्या. "काय असतं यात?"

"स्टेरॉइड. सूज आणि लाली उतरवतं, पण जखम भरू देत नाही, उलट बुबुळावर जखम असली तर ती सडवत नेतं."

"आणि?"

"आणि काय? एवढंच. म्हणून आधी पट्टी लावून बघायचं, मग थेंब. डोळा धुतलात ते बरोबर केलंत. धुवायचं, पंजा लागू द्यायचा नाही आणि त्याच दिवशी आणायचं. घरातला दुसरा थेंब, माणसाचा असो की कुत्र्याचा, घालायचा नाही."

दोन-तीन वाक्यं होती. चहाचा कप तोंडाला लावता लावता सांगून होतील अशी. एकतीस वर्षांत तेवढी सांगायला एकाही शहाण्याला सवड झाली नव्हती. ज्यांनी बाईंना हसून गप्प केलं, ते मोठमोठे सत्कार घेऊन घरी बसले. त्यांच्या घरच्या कुत्र्यांचे डोळे शाबूत असतील. पण ते गुलाबी टोपण उघडलं बाईंच्याच बोटांनी, हेही कुणी त्यांच्यापासून हिरावून घेऊ शकत नव्हतं. त्यांनी ते घेऊ दिलंही नसतं.

"वाचेल का?" कुलूपवाल्यांनी विचारलं.

"कुत्रं वाचेल," डॉक्टरीण म्हणाली. "डोळ्याचं दोन दिवस बघू."

गळ्यात प्लास्टिकची मोठी कॉलर अडकवलेला जावई घरी आला, आणि बाई घड्याळ लावून दर दोन तासांनी लिहून दिलेली औषधं घालू लागल्या. प्रत्येक बाटलीवरचं अक्षर न् अक्षर वाचून, अडलं की डॉक्टरणीला फोन करून. शनिवारी दुपारी कुत्र्यानं एकदाच किंकाळी फोडली. बाई धावत गेल्या तेव्हा गालावरून पाणी ओघळत होतं आणि डोळा फुटून खोल बसला होता. संध्याकाळी डॉक्टरणीनं तो काढून टाकला.

रविवारी लेक आली. पिशवी खाली ठेवायच्या आत आई दारातच म्हणाली, "जावयाचा डावा डोळा गेला. माझ्यामुळं गेला. गुरुवारी मी तुझ्याशी खोटं बोलले."

लेक आईकडे पाहत राहिली. मग बापाकडे पाहिलं. बापानं मान खाली घातली. ती आत गेली, कुत्र्याशेजारी फरशीवर बसली, त्याच्या कॉलरमध्ये तोंड घालून. जेवायला बोलावलं तर आली नाही.

"शिव्या तरी दे गं," कुलूपवाले उंबऱ्यातून म्हणाले.

"कुणाला देऊ, बाबा?" आतून आवाज आला.

बाई ताट झाकून उठल्या. कुत्र्याच्या औषधाची वेळ झाली होती. चालत चालत त्या सवयीनं त्याच्या डाव्या बाजूनं गेल्या. तिथं टाक्यांची काळी ओळ होती, सुजलेली, मिटलेली. त्यांचं बोट लागताच जावई दचकून उलटा फिरला, दात दिसले, घशातून खर्जातली गुरगुर आली. पाच वर्षांत तो पहिल्यांदाच त्यांच्यावर गुरगुरला होता.

लेक म्हणाली, "आई, त्या बाजूनं त्याला दिसत नाही. आधी बोलत जा."

बाई गुडघ्यांवर बसल्या. "मी आहे रे," त्या म्हणाल्या. "मी आहे. हात आणतेय."

कुत्र्यानं मान वळवली नाही. बाईंनी हात त्याच्या नाकापासून वीतभर लांब हवेत धरला, आणि तो हुंगेपर्यंत तसाच धरून ठेवला.