पाच पायऱ्या

डॉ. शशी बापटांसमोर चुकूनही त्यांच्या घराचं कौतुक करू नये, तासभर सुटका नसे. घर १९३४चं, पांढरंशुभ्र, सपाट गच्चीचं, कोपऱ्याला वळसा घालणाऱ्या लोखंडी चौकटीच्या खिडक्यांचं. लंडनच्या कडेला सनराइज क्लोज नावाच्या गल्लीत अशी बाराच घरं उरलेली. मग डॉक्टर सुरू होत. पहिल्या महायुद्धातून आणि त्यामागून आलेल्या फ्लूमधून वाचलेली माणसं अंधाऱ्या घरांना कशी विटली, क्षयाला आणि मुडदुसाला ऊन हे औषध कसं ठरलं, मोलकरणी कारखान्यांत गेल्या म्हणून स्वयंपाकघरं कशी आटोपशीर आणि विजेची झाली, सगळं ऐकून घ्यावं लागे. बिल्डरची तेव्हाची जाहिरात त्यांनी फ्रेम करून हॉलमध्ये लावली होती. या घरात यापुढे कोणीही उन्हावाचून राहणार नाही, असं तिच्यावर लिहिलं होतं.

त्याच जाहिरातीखाली त्यांच्या पत्नी अलकाताई नोव्हेंबरपासून व्हीलचेअरमध्ये बसून होत्या. आता जून लागला होता.

खुब्याचं हाड मोडलं, जुळलंही, पण हृदय थकलेलं असल्यामुळे पाय काही पुन्हा चालते झाले नाहीत. पुढच्या दाराला पाच पायऱ्या, अर्धगोल आणि उंच. मागच्या दाराला तर सात. घडीचा रॅम्प एवढ्या उंचीला पुरेना. मुलगा परीक्षित रविवारी मेडनहेडहून आला की शेजारच्या कोणाला तरी हाताशी धरून खुर्ची उचलू म्हणे. अलकाताई एकदाच तयार झाल्या, आणि तिसऱ्या पायरीवर खुर्ची कलंडता कलंडता राहिली. वाजतगाजत उचलून न्यायला आपण काही गणपती नाही, असं त्यांनी पुढच्या रविवारी साफ सांगून टाकलं. सगळे हसले. पण त्यानंतर त्या दाराकडे बघेनाशा झाल्या. जी बाई निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी दहाच्या ठोक्याला फिरायला बाहेर पडायची, तिला आता घर खायला उठत होतं.

डॉक्टरांनी पक्क्या रॅम्पसाठी कौन्सिलला अर्ज केला. नकार आला. गल्ली वारसा म्हणून जतन केलेली, आणि तसं जतन व्हावं म्हणून कागदोपत्री जिवाचं रान केलं होतं ते खुद्द डॉक्टरांनीच. नकाराच्या पत्रात आठ वर्षांपूर्वीचा दाखला होता. शेजारच्या गिरीश कर्णिकने आपल्या म्हाताऱ्या आईसाठी, प्रमोदिनीबाईंसाठी, असाच रॅम्प मागितला होता, तेव्हा गल्लीच्या सोसायटीने हरकत घेतली होती. त्या हरकतीतलं वाक्य पत्रात जसंच्या तसं उतरवलं होतं. एका रहिवाशाच्या तात्पुरत्या गरजेसाठी दोन युद्धांमधल्या काळाचा हा अस्सल ठेवा विद्रूप होऊ देऊ नये. खाली अध्यक्षांची सही होती, डॉ. शशी बापट यांची.

कौन्सिलच्या बाईंनी फोनवर दोन वाटा सांगितल्या. कायमचा रॅम्प हवा तर अपील करा, वर्ष तरी जाईल. नाहीतर अलीकडे निघालेली एक सोय होती. दोन वर्षांच्या मुदतीचा लाकडी रॅम्प, परवानगी पंधरा दिवसांत. त्यासाठी गरज तात्पुरती आहे असं फॉर्मवर लिहून द्यायचं आणि शेजाऱ्याची ना-हरकत जोडायची.

म्हणजे गिरीशचीच. डॉक्टर फॉर्म घेऊन गेले, पण बेल वाजवायला त्यांना बराच वेळ लागला.

गिरीशने चहा दिला, वाचलं, आणि एकही टोमणा न मारता सही केली. मग फॉर्म परत देता देता तो थांबला.

"काका, आईचं हार्ट तुम्हीच चेक करायचात. तात्पुरती म्हणजे किती, हे तेव्हा तुम्हाला माहीत होतं ना?"

डॉक्टर आयुष्यभर हृदयरोगतज्ज्ञ होते. नाही म्हणणं अगदी ओठांवर आलं होतं. "हो," ते म्हणाले.

"फोर्टीन मंथ्स जगली ती त्यानंतर," गिरीश म्हणाला. "या विंडोमधून ती अलकाकाकूंना वॉकला जाताना बघायची. दहा वाजले की मला कॉलवरून उठवून खुर्ची वळवायला लावायची."

डॉक्टर चहा अर्धाच ठेवून उठले.

घरी येऊन त्यांनी जेवणाच्या टेबलावर फॉर्म भरायला घेतला. नाव, पत्ता, जन्मतारीख सगळं भरून झालं. मग दोन चौकोन आले, कायमची आणि तात्पुरती, आणि हात थांबला. अलकाताईंचा गेल्या आठवड्यातला हृदयाचा रिपोर्ट त्यांना पाठ होता. कायमचीवर खूण केली तर वर्षभर हीच खोली. तात्पुरतीवर केली तर जे त्यांनी अजून कोणाला सांगितलं नव्हतं, ते स्वतःच्या हाताने लिहून दिल्यासारखं होणार होतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"अपीलच करू आपण," ते म्हणाले. "हक्काने मिळवू."

अलकाताईंनी फॉर्मसाठी हात पुढे केला. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये त्यांचा जन्म गेला होता. लपवलेला कागद कुठे असतो हे त्यांना बरोबर कळे.

"अहो, तो रिपोर्ट मीही वाचलाय."

"अलका, तसं काही नाहीये."

"प्रमोदिनीताईंच्या वेळी किती झरझर लिहिलंत. मीच टाईप केलं होतं ते, आणि मलाही काही वाटलं नाही. द्या इकडे पेन."

अलकाताईंनी तात्पुरतीच्या चौकोनात ठळक खूण केली आणि फॉर्म नवऱ्याकडे सरकवला. डॉक्टरांना आधी लाज वाटली आणि मग फार भीती वाटली.

"पंधरा दिवस म्हणाली ना ती कौन्सिलची बाई?" अलकाताई म्हणाल्या. "माझे बाहेरचे बूट काढून ठेवा."

डॉक्टर जिन्याखालच्या कपाटात वाकले. बूट अगदी मागे होते, नोव्हेंबरच्या वाळलेल्या चिखलासकट.