ड्रमच्या मानेवरचा पट्टा

निलोफरचा राग नाकाच्या शेंड्यावर. पिंपळगावच्या कांदा वाळवायच्या कारखान्यात ती यंत्रांची देखभाल करायची, आणि शेठसुद्धा तिला जरा टरकूनच असायचा. चिरलेला कांदा गरगर फिरवून त्यातलं पाणी काढणारा एक मोठा ड्रम तिथे होता. तो फिरवणाऱ्या स्टीलच्या दांड्यावर, म्हणजे शाफ्टवर, अगदी मानेशी, जिथे तो ड्रमला जोडला होता तिथे, तिला एक निस्तेज पट्टा दिसला. पुसून जाईना. नखाला बारीक खरखर लागे.

"हा मळ नाही, शेठ," तिने सांगितलं. "दर फेऱ्याला शाफ्ट तिथेच वाकतो. वाकून वाकून स्टीलची कातडी दमते, तिच्यावर सुरकुत्या उठतात, चमक जाते. चीर पडते ती तिथूनच. ड्रम बंद ठेवा."

शेठने ड्रम बंद ठेवला आणि दसऱ्यानंतर इंजिनिअर आणायचं कबूल केलं. ड्रम चालवणाऱ्या लहानूमामांना त्या पट्ट्याबद्दल सांगायचं मात्र दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा. लहानूमामांचा त्या ड्रमवर पोटच्या पोरासारखा जीव. त्यांनी पॉलिशची चकती लावून शाफ्ट घासला, मानेवरचा तो डाग तर जास्तच जोर लावून घासला, आणि वर झेंडूची माळ घातली.

दसऱ्यानंतर इंजिनिअरने टॉर्च मारला. शाफ्ट आरशासारखा लखलखत होता.

"कुठंय तुमचा पट्टा?" तो हसला.

निलोफरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "घासलाय कुणीतरी! वरच्या सुरकुत्या गेल्या, आतली चीर जाते का? शाफ्ट काढून तपासा."

"माल सडतोय माझा," शेठ म्हणाला आणि बटणाकडे निघाला. ती आडवी आली. त्याने तिला ढकललं. तिने त्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. त्याने अशी कानाखाली ठेवून दिली, की तिचं डोकं भिंतीवर आपटलं. तिने पाना उचलला, तर इंजिनिअरने मागून तिचे केस धरले.

"भांडू नका रे!" बटणापाशी उभे असलेले लहानूमामा कळवळून ओरडले. "पोरी, लय चांगला चालतोय त्यो. मी दावतो ना."

त्यांनी बटण दाबलं.

"मामा, नको!"

ड्रमने वेग घेतला आणि मान कडाडली. तुटलेला ड्रम झाकण फाडून बाहेर आला, जमिनीवर आदळून उसळला आणि लहानूमामांना घेऊनच भिंतीवर गेला. एका गुडघ्याखाली पाय म्हणून काही उरलं नाही. भिंतीवर कांदा आणि रक्त. शेठ ओकत होता. निलोफरने ओढणी काढून मामांच्या मांडीला करकचून आवळली. शेठला जिवंत सोलावं असं तिला वाटत होतं, पण हात मोकळे नव्हते.

त्यांना इस्पितळात नेणारी कारखान्याची पिकअप नाशिकला द्वारका चौकाच्या गर्दीत अडकली. मागच्या हौद्यात लहानूमामांचं डोकं तिच्या मांडीवर होतं. ओठ पांढरे पडले होते.

"पोरी, तू पट्टा म्हणत व्हतीस त्यो... मीच घासला. मला वाटलं, मळ हाय." त्यांनी तिचा हात चाचपला. "मळच व्हता ना?"

या माणसाला आता खरं सांगून काय मिळणार होतं?

"मळच होता, मामा," ती म्हणाली, आणि ड्रायव्हरच्या मागच्या काचेवर दोन्ही मुठींनी बुक्के मारत सुटली. "हाण ना गाडी! हाण!"