श्वासांसकट

अल्बमवर नाव तिचं, टेनर सॅक्सोफोन तिचा, सगळ्या धुना तिनंच बांधलेल्या. त्यामुळे रेकॉर्डिस्टला तिनं हक्कानं बजावलं होतं, "त्या संथ ब्लूजच्या धुनेतले माझे श्वास तेवढे काढून टाका." बाळंतपणाआधी ती अख्खी ओळ एका दमात ओढायची. आता मध्येच हवा भरावी लागे, आणि हे जगाला कळायचं काही कारण नव्हतं.

रेकॉर्डिस्टनं तांदळातले खडे वेचावेत तसे श्वास वेचून काढले आणि सॅक्सोफोनच्या ओळी सलग जोडून टाकल्या. आज स्टुडिओत सगळे ऐकायला बसले. सॅक्सोफोन अगदी मऊसूत. पण ड्रम? कुणी न विचारता मध्येच बोलणाऱ्या पाहुण्यासारखा.

ड्रमवर तिचा दीर होता. तो कानकोंडा झाला. "वहिनी, माझाच हात बिघडलाय."

"भाऊजी, तुमची जीभ बिघडलीय, हात नाही."

तो हसला नाही. रेकॉर्डिस्ट घसा खाकरून म्हणाला, "ताई, दुसरा ड्रमर बोलावू का? अल्बम आजच पुरा करून द्यायचाय."

दीर आपलं सामान आवरायला लागला. लग्न होऊन ती त्याच्या घरात आली तेव्हापासून तिच्या मागे हाच वाजवत आला होता. ती रेकॉर्डिस्टकडे वळली.

"थांबा. आधीचं लावा. काहीही न कापलेलं."

जुन्या रेकॉर्डिंगमध्ये सॅक्सोफोन थांबला, तिनं हवा ओढली, आणि तिच्या पाठोपाठ अलगद ड्रमचा ठोका. पुन्हा तसंच. दर वेळी तसंच.

"भाऊजी, तुम्ही मात्रा मोजत नाही?"

"मोजायच्या कशाला? तुम्ही श्वास घेतला की मी येतो." सकाळी उठून दात घासतो म्हणावं, इतक्या सहज तो म्हणाला.

म्हणजे श्वास लपवताना तिनं त्याच्या पायाखालची पायरीच काढून घेतली होती! ती उठली, सॅक्सोफोन गळ्यात अडकवला. शेजारच्या खोलीत बाळ आजीच्या मांडीवर गाढ झोपलं होतं.

"रेकॉर्डिस्टदादा, हे नव्यानं घेऊ. माइक जवळ आणा."

"अहो, धापसुद्धा ऐकू येईल!"

"येऊ दे की. नऊ महिने दोघांपुरता श्वास घेतलाय या छातीनं. लाजायचं कशाला?"

दीर ड्रममागे जाऊन बसला. या वेळी तिनं श्वास चोरले नाहीत. हवं तिथे ती थांबली, छाती भरून घेतली, आणि दर वेळी भाऊजी हजर.