लंगड्यांची फौज

लिफ्टच्या मेकॅनिकचा डावा पाय उजव्यापेक्षा दीड इंच आखूड होता. त्यावरून कुणी हळहळलं की त्याचं डोकं फिरायचं. सतरा वर्षांपूर्वी तो लिफ्टच्या डब्याच्या टपावर उभा राहून वायर तपासत होता, तेव्हा वरच्या मजल्यावर कुणीतरी न विचारता वीज सुरू केली, डबा हलला आणि तो थेट खाली खड्ड्यात पडला. खुबा मोडला. डॉक्टरांनी काठीशिवाय चालण्याची आशा सोडून दिली होती. त्याने मात्र चौदा महिने घाम गाळून स्वतःची चाल स्वतः बसवली. उजवा पाय रोवायचा, डावा खुबा उचलायचा, पाऊल किंचित फरफटत पुढे आणायचं आणि टाच आपटायची. दिसायला ओबडधोबड, पण त्या चालीने तो अजूनही दिवसाला सात-आठ इमारती करायचा.

अशाच एका इमारतीत चौथ्या मजल्यावर व्हिडिओ गेम बनवणारी कंपनी होती. लिफ्ट दुरुस्त करून तो हत्यारं गोळा करत होता, तेवढ्यात त्या कंपनीचा दिग्दर्शक बाहेर आला. तिशीचा, गोड बोलणारा तरुण. तो मेकॅनिकला मजल्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाताना बघत राहिला आणि म्हणाला, "काका, तुमच्या चालण्यात फार वजन आहे. आमच्या खेळासाठी द्याल?"

कुणी चाल मागायची ही पहिलीच वेळ. मेकॅनिक मनातून सुखावला. एका रविवारी त्याला अंगाला घट्ट बसणारा काळा सूट चढवला, त्यावर जागोजागी चमकणाऱ्या गोळ्या चिकटवल्या आणि रिकाम्या हॉलमध्ये चालायला लावलं. सगळीकडून कॅमेरे. चाला काका, वळा काका, वाका, धावा, पडा. एक चष्मेवाली मुलगी संगणकावर ते सगळं टिपत होती. ती ॲनिमेटर. तिने दर अर्ध्या तासाला पाणी आणून दिलं आणि दुखतंय का म्हणून विचारलं. शेवटी चार पानी कागद समोर आला, त्याने सही ठोकली.

"कुणाला देणार माझी चाल?" त्याने निघताना विचारलं होतं.

"महत्त्वाचं काम आहे काका. पूर्ण खेळभर दिसणार तुम्ही," दिग्दर्शक म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं, हीच तर खरी चीड आणणारी गोष्ट.

सात महिन्यांनी खेळ बाजारात आला. मेकॅनिकची भाची नर्स होती. ड्यूटी संपली की डोक्यातला सगळा वॉर्ड झटकून टाकायला ती असले खेळ खेळायची. ती आपलं यंत्र घेऊन मामाकडे आली, टीव्हीला जोडलं आणि सोफ्यावर मांडी ठोकून बसली. मेकॅनिक आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून तिच्या शेजारी बसला. बायको कोपऱ्यात मशीनवर गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवत होती.

"याला थर्ड पर्सन शूटर म्हणतात, मामा," भाची सांगू लागली. "दुसऱ्या प्रकारात तू स्वतःच तो माणूस असतोस, तुला फक्त स्वतःचे हात आणि बंदूक दिसते. यात आपण त्याच्या पाठीमागे चालतो आणि त्याच्या खांद्यावरून बघतो. तो भिंतीआड कसा लपतो, कसा पळतो, सगळं अंग दिसतं. म्हणून यात चालीला फार महत्त्व."

पडद्यावर रुंद पाठीचा नायक एका पडक्या कारखान्यात शिरला. मेकॅनिकने त्याचे पाय निरखले. दोन्ही सारखे. वाघासारखा सरळ चालत होता.

"हा मी नव्हे," तो म्हणाला.

"थांब ना, येशील पुढे."

नायक एका पिंपाआड दबून बसला. समोरच्या दारातून राखाडी कपड्यातला एक बंदूकधारी माणूस बाहेर आला. उजवा पाय रोवला, डावा खुबा उचलला, पाऊल फरफटलं, टाच आपटली. शिलाई मशीन थांबलं. बायको मान वर करून बघत होती.

"मामा! अरे हा तूच!" भाची आनंदाने ओरडली, आणि ओरडता ओरडताच सवयीने तिच्याकडून बटण दाबलं गेलं. त्या माणसाच्या कपाळात गोळी बसली आणि तो कोसळला. मेकॅनिक त्या रविवारी पडला होता, अगदी तसाच.

मग दुसरा आला. मग एकदम सहा आले. सगळे त्याच चालीचे.

"बंद कर गं," बायको म्हणाली.

"चालू ठेव," मेकॅनिक म्हणाला.

"मामा, नको."

"चालू ठेव म्हणतो ना! मला बघू दे."

भाची मामाकडे न बघता खेळत राहिली. तासाभरात एकेचाळीस जण पडले. त्याने मोजले. शेवटी त्याने विचारलं, "यांना काय म्हणतात खेळात?"

भाची यंत्र बंद करू लागली. तो म्हणाला, "बोल."

"खेळात काही नाव नाही. पण खेळणारे त्यांना... लंगडे म्हणतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मेकॅनिक त्या इमारतीत गेला. लिफ्ट त्यानेच दुरुस्त केलेली, पण ती खाली येईपर्यंत धीर धरवेना. रागाच्या भरात तो चार मजले जिन्याने चढला. दिग्दर्शकाने हसून खुर्ची पुढे केली. "काका! बघितलात का खेळ?"

"बघितला. साहेब, माझी चाल मारेकऱ्यांना का दिली?"

दिग्दर्शकाने त्याला शांतपणे समजावलं. या प्रकारच्या खेळात शत्रू लांबून ओळखू यावा लागतो. धूर असतो, अंधार असतो, चेहरा दिसत नाही. मग कपडे, उंची, चाल यांवरून ठरवायचं. "तुमची चाल लाखात एक आहे काका. एका नजरेत कळतं."

"काय कळतं? की याला मारायचं?"

"तसं नाही हो—"

"तसंच आहे! आता नीट ऐक." साहेब कधी गळून पडला, मेकॅनिकला कळलंही नाही. "चौदा महिने मी जमिनीवर सरपटलोय या चालीसाठी. तू ती अर्ध्या दिवसात नेलीस आणि तिच्यावर नेम धरायला शिकवतोस लोकांना? नायकाला का नाही दिलीस?"

"नायकाला पळावं लागतं, काका. उड्या माराव्या लागतात."

"आणि मी काय पालखीत बसून आलो वर?"

आजूबाजूची टाइप करणारी बोटं थांबली. दिग्दर्शकाने कपाटातून चार पानी कागद काढला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. टिपलेली हालचाल कोणत्याही पात्रासाठी वापरता येईल. खाली मेकॅनिकची सही.

"मी तेव्हाच म्हटलं होतं, त्यांना सांगू या," मागून आवाज आला. चष्मेवाली ॲनिमेटर उभी राहिली होती. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "तुम्ही म्हणालात, कशाला उगाच, सांगितलं तर नाही म्हणतील."

"तू बस खाली," दिग्दर्शक तिला म्हणाला. मग मेकॅनिककडे वळून, "हवं तर खेळाच्या शेवटी येणाऱ्या नावांच्या यादीत तुमचं नाव टाकतो. ठळक."

"माझ्या नावाने आणखी शिव्या घालायला?"

शेजारच्या खोलीत खेळ तपासणारी माणसं बसली होती. मेकॅनिक तरातरा आत गेला, एकाच्या हातातलं बटणांचं यंत्र ओढून घेतलं आणि मोठ्या पडद्यासमोर बसला. कुठलं बटण कशाचं, हे त्याने आदल्या संध्याकाळी भाचीच्या बोटांवरून पाहून ठेवलं होतं. नायकाला त्याने पिंपाआडून बाहेर काढलं आणि मोकळ्या अंगणात आणून उभं केलं. मग यंत्र मांडीवर ठेवून हाताची घडी घातली.

दारातून लंगडे आले. सगळ्यांनी बंदुका रोखल्या. नायक पडला.

खेळ पुन्हा सुरू झाला. त्याने पुन्हा नायकाला अंगणात नेलं. पुन्हा ते आले, पुन्हा तो पडला. पहिल्या दोन वेळा तपासणारे हसले. "काका, मारा ना! लपा तरी!" पाचव्या वेळी कुणी हसेना. आठव्या वेळी दिग्दर्शक दारातून म्हणाला, "हे असं खेळत नाहीत."

"तुझा नायक अकरा वेळा मेल्याशिवाय मी उठणार नाही," मेकॅनिक म्हणाला. अकरा हा आकडा त्याने का काढला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. अकरा झाले तसा तो उठला, यंत्र ज्याचं त्याला परत दिलं आणि निघाला. उरात तीच आग. काडीचाही फरक पडला नव्हता.

त्याने आपल्या मालकाला सांगून टाकलं, त्या इमारतीला दुसरा माणूस पाठवा. कंपनीला दोन पत्रं धाडली. एकाचंही उत्तर आलं नाही. रस्त्यात एकदा दोन कॉलेजकुमारांनी त्याला पाहून एकमेकांना कोपर मारलं आणि त्यातला एक नम्रपणे फोटो मागायला आला. मेकॅनिकने त्याला अशा काही शब्दांत हाकललं की पोरगं चप्पल सावरत पळालं.

तीन महिन्यांनी ॲनिमेटरचा फोन आला. तो जेवायला बसत होता.

"काका, तुमची चाल खेळातून काढली. आता शत्रू वेगळे चालतात. सगळ्यांकडे हा बदललेला खेळ जातोय आजपासून."

मेकॅनिक म्हणाला, "शेवटी पटलं तर त्याला."

मुलगी खोटं बोलणाऱ्यातली नव्हती. "नाही काका. लोकांच्या तक्रारी आल्या. शत्रू लांबूनच ओळखू येतात, खेळ फार सोपा होतो म्हणून. तुमची पत्रं... मी पुन्हा पुढे ठेवली होती. ती त्याने वाचली नाहीत."

"म्हणजे चूक झाली, असं कुणीच म्हणालं नाही."

"मी म्हणतेय. माझी झाली. मला तेव्हाच तुम्हाला फोन करता आला असता."

"तू म्हणालीस ते बरं केलंस, पोरी," तो म्हणाला. "पण हिशेब तुझ्याशी नाही. त्याला निरोप दे. म्हणावं, चाल काढलीस, राग गेलेला नाही."

फोन ठेवून तो पानावर बसला. बायकोने सगळं ऐकलं होतं. ती वाढत म्हणाली, "मग? आता तरी शांत व्हाल?"

"नाही."

"नका होऊ. मीही नाही होणार," ती म्हणाली. "पण गरम आहे तोवर जेवा."