मांत्रिकाच्या पिशवीतलं चिलखत

मी एक लोखंडी चिलखत आहे. खरं लोखंड माझ्यात नखाएवढंही नाही. मी संगणकावरच्या एका खेळात राहतो. दूरवर शिकून परत आलेली एक मुलगी हा खेळ बनवायच्या कामाला लागली, तेव्हा तिला वाटलं होतं, खेळ बनवणारी माणसं भिंतभर नकाशे लावून राज्यांबद्दल आणि न्यायाबद्दल तावातावाने बोलत असतील. तिला दिसली एका शिंपीणबाईंच्या दुकानावरची खोली, पाच टेबलं, गार झालेला चहा आणि एक लांबलचक तक्ता. त्या तक्त्यातली एकशे बारावी ओळ म्हणजे मी. 'संरक्षण: नव्वद. कोण घालू शकतो: फक्त योद्धा.'

माझा जन्म चित्रकारांच्या टेबलावर झाला. अकरा दिवस ते माझ्यावर राबले. खांद्यावरचा पोचा त्यांनी तीनदा पुसून पुन्हा काढला. म्हणायचे, "मार खाल्लेला दिसला पाहिजे, टाकून दिलेला नाही." एवढे लाड झाल्यावर मला वाटलं, आता सगळे मला मिरवणार. पण योद्धा होऊन खेळणारे थोडे. बाकीच्यांना मी सापडलो की ते मला पिशवीत टाकत. घालता येत नसे आणि विकवतही नसे. माणसांची ही सवय मला आवडते. 'असू दे, लागेल कधीतरी' म्हणून ती किती काय काय सांभाळतात! तुटक्या किल्ल्या आणि शिळे पाव यांच्या शेजारी मी कित्येक महिने काढले.

रोज दुपारी शिंपीणबाई दुकान अर्धा तास बंद करून वर येत. सगळे त्यांना मावशी म्हणत. साध्या माणसाला खेळ जमतो का हे बघायला मोठ्या साहेबांनीच त्यांना बसवलं होतं. त्या नेहमी लांब दाढीचा मांत्रिक निवडत. "घरात ह्यांना दाढी वाढवू दिली नाही," म्हणायच्या, "इथे तरी हौस भागवते."

पुलावरचा राक्षस त्या मांत्रिकाला एका फटक्यात आडवा करी. नवव्यांदा मेल्यावर मावशींनी पिशवी उघडून मला निवडलं. पडद्यावर तांबडी ओळ आली: 'हे चिलखत तुमच्या पेशासाठी नाही.'

"म्हणजे काय?" मावशी म्हणाल्या. "पिशवीत चालतं आणि अंगावर चालत नाही? मी काय याची हमाल आहे?"

मुलगी शेजारीच उभी होती. ती तडक मोठ्या साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. "कुणी काय घालायचं हे आधीच ठरवून टाकणारा खेळ मला बनवायचा नाही."

"अगं बाई, मांत्रिकाने लांबून आगही फेकायची आणि वर लोखंडही घालायचं, तर योद्ध्याने काय माशा मारायच्या?"

"मला एक आठवडा द्या."

"शनिवारपर्यंत. नाही जमलं तर ती तांबडी ओळ कायमची, आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही."

त्याच संध्याकाळी तिने माझ्यावरची बंदी उठवली. काय सांगू, ते चार दिवस मी जमिनीवर नव्हतो. मांत्रिकाने मला घातलं, चोराने घातलं, वैद्याने घातलं. ज्याने त्याने मलाच घातलं.

शुक्रवारी दुपारी पाच जण एकत्र खेळायला बसले आणि पडद्यावर पाच एकसारखे लोखंडी डबे चालू लागले. कोण कोणता ते कुणालाच कळेना. वैद्याने जखमी चोराला सोडून धडधाकट योद्ध्याला औषध पाजलं. राक्षस मात्र कुणालाच मारू शकत नव्हता. मावशींनी जांभई दिली. "जिंकले बाई. पण मजा नाही आली."

एकशे तेराव्या ओळीतला रेशमी झगा माझा शेजारी. त्या चार दिवसांत त्याला कुणी हात लावला नव्हता. पिशवीतले दिवस मला ठाऊक होते, आणि तरी मी त्याची साधी चौकशी केली नव्हती. मला स्वतःची लाज वाटली.

मुलीचं तोंड एवढंसं झालं. "साहेबांचंच खरं होतं," ती पुटपुटली.

"छे," मावशी म्हणाल्या. "तू अख्खा कोट उचलून सगळ्यांना दिलास, तिथे चुकलीस. माझ्याकडे सुतार येतो, त्याला बाह्या नकोत. टपाल वाटणारी येते, तिला खिसे हवेत, खाली घेर नको. हा कोट तुझा नव्हे, असं मी कुणाला म्हणत नाही. तुझ्या कामाच्या आड काय येतं, एवढं विचारते आणि तेवढंच उसवते."

"आणि सुताराने हट्टाने बाह्या मागितल्या तर?"

"तर लावून देते. बाही रंध्यात अडकली की त्याचं त्याला कळतं."

मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. उसवणं म्हणजे काय ते तेव्हा मला कळलं, आणि खरं सांगतो, माझी पाचावर धारण बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली. तक्त्यात माझ्या खाली तिने तीन कोऱ्या ओळी घातल्या. शिरस्त्राण, छातीचा पत्रा, हातमोजे, बूट. कोण घालू शकतो: कुणीही.

मोठ्या साहेबांनी उभ्या उभ्या वाचलं. "मांत्रिकाने चारही चढवले तर?"

"चढवू दे. हातमोज्यात बोटं वळणार नाहीत, मंत्र उशिरा लागेल. चोराचे बूट गल्लीभर वाजतील. परवडतं का, ते त्यांनी ठरवायचं."

"आणि योद्धा?"

"त्याला या ओझ्याचा सराव आहे. त्याच्या आड काहीच येत नाही."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "हं. कापा मग."

अकरा दिवसांची मेहनत कापायची म्हणून चित्रकार कुरकुरताहेत, पण रेघा आखायला तेच बसलेत. तेव्हा एकट्याने बोलायची ही माझी शेवटची वेळ. जेवणाच्या सुट्टीनंतर आम्ही चौघे असू. आमच्यातला हवा तो घ्या, अंगावर चढवून चार पावलं चालून बघा, आणि जो तुमच्या कामाच्या आड येईल तो खुशाल काढून ठेवा. मी तयार आहे.