मोकळी कांडी

भावकूचा हात जड होता, म्हणून गंगूला मारायचं काम गुणाबाईनं आपल्याकडं घेतलं होतं. त्या नवराबायकोची चार वर्षांची पोर. मागावर ताणलेली रेशमी किनार दिसली की तिचं बोट तिकडं जायचंच. धागा तुटला की भावकू मागावरनं उठायचा. तो उठायच्या आत गुणाबाई सूत गुंडाळायच्या राहटापासची मोकळी, सूत संपलेली लाकडी कांडी घेऊन पोरीच्या तळहातावर एक हाणायची. मग तो पुन्हा खाली बसायचा. हळूहळू गंगू रडेनाशी झाली. सासू बायाक्का म्हणायची, पोरगी वळणावर आली.

त्या दिवशी भावकू विणून झालेलं लुगडं सायकलला बांधून शहापूरला व्यापाऱ्याकडं गेला. वडगावात त्यांच्या शेजारी नवा पॉवरलूम आला होता, सासू तो बघायला गेली. मागाला हात लावायचा नाही, असं गंगूला बजावून गुणाबाई नळावर गेली.

परतली तर गंगू मागाच्या कडेला उभी होती. उजव्या हातात मोकळी कांडी. तिनं ती आपल्याच डाव्या तळहातावर मारली, जोरात. तोंडावर काही नाही. कांडी नीट खाली ठेवली आणि धागा ओढला. तुटला. पुन्हा कांडी उचलली, मारली, ठेवली. पुन्हा ओढला.

गुणाबाईनं घागर टेकवली. गंगू वळली. पळाली नाही. लाल हात आईपुढं धरला.

"मारून झालंय, आई."

 गुणाबाईनं तुटलेल्या धाग्यांना गाठी मारल्या. मग राहटापाशी बसून घरातली एकेक मोकळी कांडी सुतानं भरायला घेतली. भरल्या कांडीनं मारता येत नाही, सूत विसकटतं.

भावकू आला. "एवढ्या कांड्या? अंगात आलंय काय गं?" मग त्याचं बोट किनारीवरच्या गाठींवर थांबलं.

"तुटलं हुतं. जोडलंय मी," ती म्हणाली. "बसा तुमी."

तो बसला. माग चालू झाला. गंगूचं बोट किनारीकडं गेलं, मधेच थांबलं. तिनं राहटाखाली वाकून बघितलं. मोकळी कांडी एकही नव्हती. हात तसाच धरून ती उभी राहिली. आता काय करायचं ते तिला कळेना. गुणाबाईलाही.

भावकूनं संपलेली कांडी मागं टाकली. ती गंगूच्या हाती पडायच्या आत गुणाबाईनं उचलली आणि भरायला घेतली.